ताठ बसा

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी,
मध्ये वाळूची पट्टी, पट्टीवर तळाशीलची शाळा,
शाळेत आठवी, आठवीत एकोणीस पाठी.
चेहरे मी उशिरा शिकलो.
वीस वर्षं फळ्याकडे तोंड करून
एकच म्हणत आलो: ताठ बसा.
आणि ते बसायचे, तेवढ्यापुरते,
बंदरावर साहेब आले की
सगळे एकदम जाळी शिवायला घेतात, तसे.

मार्चमध्ये माझा घसा बसला.
मालवणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आठ दिवस अवाक्षर नको.
गणितं फळ्यावर लिहून मी खुर्चीत बसून राहिलो.
दुसरं काही करण्यासारखं नव्हतं
म्हणून बघू लागलो.

तन्झिला होडेकरला उत्तर सापडायच्या जरा आधी
बाकाखाली तिच्या टाचा उचलतात.
पेन नंतर हलतं.
केळुसकरांचा मधला मागे रेलतो.
याला मी उद्धटपणा म्हणायचो, एकदा बाहेरही काढलं होतं.
त्याचं म्हणणं इतकंच असायचं:
कळलं, सर, पुढे चला.
मनवा कुबल दोन दिवस वहीवर वाकलेली,
जवळजवळ नाक टेकवून.
काहीतरी दुःख असणार, म्हणून घरी चिठ्ठी धाडली.
उत्तर आलं, चष्मा मोडलाय,
शनिवारी आणतो.

आणि निमिष खवळे.
अपूर्णांक आले की तो दुमडतो.
आधी खांदे वर, मग मान आत,
शेवटी अंगठा मुठीत जातो
आणि चार बोटं त्यावर झाकण घालतात.
तीन वर्षं मी या मुलाला
आळशी म्हणत होतो.

आवाज परत आला त्या रविवारी
मी त्याला म्हटलं, मला वल्हवायला शिकव.
तो हसला नाही. खाडीवर घेऊन गेला.
होडी तीनदा स्वतःभोवती फिरली,
काठावर कालवं काढणाऱ्या बायका
काम थांबवून बघत राहिल्या.
समोर तो पाय फाकवून बसलेला,
मान मोकळी, छाती वाऱ्याला दिलेली.
एवढा लांब मुलगा
माझ्या वर्गात कधी मावला असेल?

'सर, खांदे खाली घेवा.
तुमी भियालास काय होडयेक कळता.
पाणी काय तुमची परीक्षा घेना नाय.'

मी वल्हं आडवं ठेवलं.
हात मांडीवर आला, मूठ मिटलेली.
अंगठा आत.

त्यानेही पाहिलं असावं.
दोघंही काही बोललो नाही,
बराच वेळ ओहोटीच आम्हाला नेत होती.

सोमवारी पाऊण वजा दोन तृतीयांश.
'ताठ' एवढं तोंडात आलेलं गिळलं
आणि त्याच्या बाकावर जाऊन बसलो.
बाक लहान, माझे गुडघे वर आले,
पाठीला आपोआप पोक.
छेद सारखा कर, मी म्हटलं, हळू,
वल्ह्याला म्हणावं तसं.

गणित त्या दिवशीही सुटलं नाही.
पण घंटा झाली तेव्हा
पेनाच्या टोपणाशी चाळा करत
त्याचा अंगठा
नखापर्यंत बाहेर आला होता.