डावी काख

बोत्रे मास्तर इंग्रजी हेराचा पिक्चर
एकाच आठवड्यात पाच वेळा बघून आले.
मॅटिनी, पडद्याला नाक लागेल अशी रांग,
तिकिटाचे पैसे उधार, तेही माझ्याकडून.

धोबी तलावच्या दुकानात मी काजं करायचो.
विचारलं, शेवटी मेलं कोण?
म्हणाले, बघितलं नाही रे,
तो वळला तेव्हा मागं चीर एक होती की दोन, ते मोजत होतो.

हेर पाण्यात पडला, छपरावरून पडला,
बाईच्या मिठीत पडणार तेवढ्यात सेन्सॉरची कात्री पडली.
मास्तरांना दुःख एवढंच
की त्या तुकड्यात खांदा समोरून दिसला असता.

काख मात्र कळली.
डावीकडे अर्धा इंच जास्त.
पिस्तुलासाठी, ते हळूच म्हणाले,
जसं काही भिंतीपलीकडचा घड्याळजी ऐकत होता.

त्या लग्नसराईत सगळ्यांनाच तो अर्धा इंच मिळाला:
पोर्ट ट्रस्टचे कारकून, ठाकूरद्वारचा कंपाउंडर,
विमा कंपनीतले हळदणकर,
ज्यांना साहेबाच्या घंटेचीही धडकी भरायची.
सांगितलं कुणालाच नाही. शिलाई तेवढीच.

हळदणकर मागच्या महिन्यात गेले.
मुलगी कोट घेऊन आली,
नातवाच्या मापाचा करून द्या म्हणाली.
उसवताना हात गेला डाव्या काखेत.
अस्तराला तिथं गुळगुळीत खळगा.
काहीतरी ठेवत असणार ते,
दर लग्नाला, दर मुंजीला.

काय, ते मी तिला विचारलं नाही.
नातवाचं माप घेतलं,
खडूनं खूण करताना
डावीकडे थोडा सरकलो.