एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या

उद्यमबागेत तेहतीस वर्षं
मी क्युपोला भट्टीसमोर उभा होतो.
रस कधी ओतायचा ते रंगावरून सांगायचो,
मोजायचं यंत्र नंतर आलं.
निवृत्तीला मालकानं शाल दिली, नारळ दिला,
आणि मी मागून घेतली
भट्टीच्या अस्तरातली एक वीट,
पिवळसर, एका कडेनं काचेसारखी झालेली.

आता अनगोळच्या रस्त्याला
नवव्या मजल्यावर राहतो.
हवा स्वच्छ असली तर येळ्ळूरचा गड दिसतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्यावरच्या पाटीचा विषय निघाला.
‘तुर्तु निर्गमन’ लिहायचं की ‘संकटकालीन मार्ग’,
वर कोणतं, खाली कोणतं,
अक्षरं किती इंचांची.
सव्वा तास.
मण्णूरकर उठून गेले, मग हिरेमठ उठून गेले,
पंपात डिझेल कोण भरणार
याला दोन मिनिटं मिळाली.
पाटी लागलीच नाही.
शेवटी मल्लेशीनं, आमच्या वॉचमननं,
फाटकाचा उरलेला लाल रंग घेऊन
मजल्यामजल्यावर एकेक बाण काढला,
जरा वाकडा, खाली दाखवणारा.

ड्रिलच्या रविवारी सात जण उतरले,
त्यातले दोघे दूध आणायला निघालेले.
मी पायऱ्या मोजल्या. मजल्याला वीस,
फाटकापाशी चार.
“कशाला ओ मोजालाय?”
म्हटलं, धुरात डोळे कामाला येत नाहीत,
पायांना आकडा पाठ पाहिजे.
आणि हे सांगितलं, अगदी भट्टीवरच्या पोरांना सांगावं तसं:
जिना म्हणजे चिमणी.
तळाला हवा, माथ्याला ओढ,
मधली दारं मिटलेली असली तरच तो जिना.
सगळ्यांनी माना डोलावल्या.

वैशाखातली रात्र, पावणेतीन.
चौथ्याच्या डक्टमध्ये केबल पेटली.
“एळ्री! बेंकी! एळ्री!”
मल्लेशी दारं बडवत वर येत होता,
सगळे खाली निघालेले असताना तो वर,
तोंडाला गुंडाळलेला गमछा ओला.
मी म्हणालो लिफ्ट नको, वाका, भिंतीला हात लावा.
हिरेमठांची आई प्लास्टिकच्या खुर्चीत,
एक बाजू मुलानं धरलेली, दुसरी मण्णूरकरांनी.
ती खोकता खोकता दोघांना शिव्या घालत होती,
मुलाला कन्नडात, मण्णूरकरांना मराठीत,
कुणाच्या वाट्याला कमी नाही.
सत्तर. बहात्तर. कुणाची तरी चप्पल.
नव्वद. बाण दिसत नव्हता,
बोटांना रंगाचा जाड ओघळ लागला.
शंभर झाल्या आणि एकदम हवा.

खाली नावं घेतली. एकेचाळीस.
पुन्हा घेतली. एकेचाळीस.
मल्लेशी धरून बेचाळीस, तो अजून आत होता.
मग तोही आला, गुडघ्यांवर,
आणि कुणीतरी त्याला पाणी देण्याऐवजी
त्याच्या अंगावरच ओतलं.

उजाडल्यावर अग्निशमनचा माणूस वरून उतरला.
पाच ते आठ ठीक आहेत म्हणाला,
दारं बंद होती, भिंती नुसत्या धुरकट.
नववा मात्र काळाठिक्कर.
“वरचं दार कुणी उघडं ठेवलं होतं?”
आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.
मीही बघितलं.

नंतर एकटा चढलो, न मोजता.
जिन्याचं जाड दार सताड उघडं,
आणि त्याच्या पायाशी
पिवळसर, एका कडेनं काचेसारखी.
उन्हाळा होता. येळ्ळूरकडून वारा यायचा,
जिन्यातून घरात खेळायचा, झोप लागायची बरी.

वीट कुठंच तडकली नव्हती.
तडकत नाहीच ती, असल्या आचेला.

हिरेमठांची आई नऊ दिवस ऑक्सिजनवर होती.
परत आली, आता पूर्वीसारखीच भांडते.
मला मात्र सगळ्यांत गोड बोलते,
तुमच्या आकड्यांनी वाचवलं बगा, म्हणते.

दार आता आपोआप मिटतं.
रात्री कुणी आलं-गेलं की धप्प आवाज होतो,
मी जागा असतो.
वीट कपाटात आहे, शालीखाली.