तिसऱ्या अंकातली कडी

बावीस हंगाम मी विंगेत बसलो.
मांडीवर वही, वहीवर बॅटरीचा उजेड.
नवरगाव, सिंदेवाही, कुरखेडा,
दिवसा शंकरपट, रात्री आमचा पडदा,
चादरी पांघरून बसलेलं अख्खं गाव.

प्रॉम्प्टरचं ‘आत्ता’ तुमच्यासारखं नसतं.
माझ्यात तीन वाक्यं एकदम असत:
बोलून झालेलं, कानात अजून ओलं,
नटाच्या तोंडात चाललेलं,
आणि माझ्या ओठांवरचं, जे गावानं ऐकायचं होतं.
त्यातलं एक काढा,
उरलेली दोन नुसती बडबड.
पेटीवाला रुखमाजी म्हणायचा,
“सूर एकटा वाजतच नाही गा,
मागचा त्याच्या पाठीवर बसून असते.”

फक्त तिसऱ्या अंकात, एका ठिकाणी,
माझी जीभ थांबायची.
पोरगा दारात येतो, म्हणतो, “माय, कडी काढ.”
तीन शब्द. वहीत ठसठशीत.
मी आवंढा गिळायचो,
सोनबा दाराशी ताटकळायचा,
लोकांना वाटायचं, काय थांबतो हा!
टाळ्या पडायच्या.
मालक म्हणाला, “राहू दे तो गॅप.”

मग डोळे गेले, हंगाम सुटला.
परवा वैशाखातल्या दुपारी
शेजारची पोर कडी वाजवत होती, खेळ म्हणून.
खट. खट. मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मी सहा वर्षांचा होतो.

अंधार. माझ्या तोंडावर मायचा तळहात.
बाहेर बाप: “कडी काढ व.”
मला वाटलं लपाछपी आहे,
मी तिच्या हाताच्या आत हसत होतो.
मग आवाज बोडीकडे गेला.

सकाळी कोणीतरी मला मुरमुरे दिले, गुलाबी कागदात.
तेवढे मुरमुरे मला जन्मभर आठवत आले.
कोणी दिले, का दिले,
बोडीकडे लोक का पळत होते,
ते नाही.

तेव्हा ते घडलंच नव्हतं.
घडायला त्याला साठ वर्षं लागली.

आणि एक खटकतं.
त्या तळहाताला वास येतो सफेद्याचा,
नटांच्या तोंडाला लावायच्या रंगाचा.
मायनं तर कधी नाटक पाहिलं नाही.
मग हा हात मी आणला कुठून?

वही ट्रंकेत आहे अजून.
पोरीला म्हटलं, तिसरा अंक काढ, वाच.
ती वाचते, बोट ठेवून:
“माय, कडी काढ.”
त्याच्या खाली, लगेच, आईचं वाक्य:
“थांब, आली.”

तिथं मी कधीच अडखळलो नव्हतो.