पेटी, उद्यमबाग

फाउंड्रीच्या वरची खोली. भाडं कमी,
कारण खाली भट्टी, आणि फरशी कधीच थंड होत नाही.
माझा संगणक रात्रभर घुरघुरतो.

भरमाण्णा विचारतो, पेटीत काय भरलंयस?
हायड्रोजन, मी म्हणते. उदासीन.
कोण मेलं त्याचं?
कुणीच नाही. अजून तारेच जन्मले नाहीत.

दोनशे छप्पन्न घरं लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच.
प्रत्येक घराला एक तापमान
आणि शून्य ते एकमधला एक आकडा:
किती इलेक्ट्रॉन घर सोडून गेले.
पेटीला भिंत नाही. पूर्वेकडून सुटलेला किरण
पश्चिमेकडून आत येतो, तसाच, न थांबता.
कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कुणी विचारत नाही
पाटी कुठल्या लिपीत वाचलीस.
(भरमाण्णाची आई कन्नड, बाप मराठी,
शिव्या दोन्हीकडच्या.)

पहिले तारे पेटतात. भोवती बुडबुडे फुगतात,
कडा ब्लेडनं कापल्यासारख्या.
आत दहा हजार अंश, बाहेर गारठा.
तीन आठवडे झाले,
बाहेरचा वायू कोमटसुद्धा होत नाही.

काल खाली उतरले तर तो काळ्या वाळूच्या साच्यावर
बर्नर फिरवत होता, सावकाश,
आजाऱ्याची पाठ शेकावी तसा.
"ओल्या साच्यात रस ओतलास तर अंगावर उडतोय बघ.
आधी धग. उजेड मागनं."

चार पायऱ्या चढले आणि थांबले.

क्ष-किरण धरलेच नव्हते मी.
जोडीतला एक तारा मरतो, कृष्णविवर होऊन
दुसऱ्याचा वायू ओरबाडतो, त्यातून निघालेले.
म्हणजे कुणीतरी मेलंच होतं, भरमाण्णा.
ते बुडबुड्याची कड ओलांडून लांब जातात,
उजेड अजून न पोचलेल्या वायूला
शेकून ठेवतात.

चार ओळी वाढवल्या. पेटी पुन्हा चालू.
पहाटे तीनला हेस्कॉमनं वीज नेली.
पंखा थांबला तेव्हा कळलं
तो किती वेळ बोलत होता.
शेवटची जतन केलेली घडी:
विश्वाचं वय पंचावन्न कोटी वर्षं.
पुढचं सगळं गेलं.

खालून आवाज: "पोरी, तुझी पेटी थंड पडली काय गं?"
मी अंधारात फरशीवर तळवे टेकते.
नाही, म्हणते. अजून नाही.