पुलाखालचा दोरा

चाळीस वर्षं दोरा दातानं तोडला.
कात्री गळ्यातच असायची, पण हात कामात
आणि दात नेहमी जवळ.
बोहोरपट्टीतल्या साडेसहा फुटी दुकानात
काजं, हुक, अस्तरं, तुरपाई,
सिंहस्थाच्या साली तर तीनशे झेंडे,
प्रत्येकाचा शेवट : कट्.
समोरच्या दाताला बारीक खाच पडली होती,
दोरा तिथं आपसूक जाऊन बसायचा.
मला तिचा अभिमान होता, खरं सांगतो.

मग एका डिसेंबरात नळाचं पाणी तोंडात घेतलं
आणि खाचेपासून थेट नाकापर्यंत
कुणीतरी टाचणी खुपसली.

दात गेला. शेजारचे दोघे तासून
त्यांच्या खांद्यावर तिसरा बसवला.
कोठावदे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ब्रिज.
मी म्हटलं, पुलाखाली पाणी असतं.
त्या म्हणाल्या, असतं ना. गाळही असतो.
आणि हातात एक दोरा दिला :
टोक कडक, मेण लावून ताठ केल्यासारखं,
मधला भाग फुगीर, लोकरीगत.
"निकुंभकाका, सुई ओवता तसंच.
हिरडी आणि खोटा दात यांच्या फटीतून घाला,
मग खऱ्या दाताला बिलगून वर-खाली."

सुई ओवता तसंच!
सुई डोळ्यांसमोर असते, बाई.
इथं आरशात डावं ते उजवं,
थुंकीनं बोटं निसरडी,
चष्म्यावर वाफ.
पहिल्या रात्री बावीस मिनिटं. दोरा लाल.
दुसऱ्या रात्रीही लाल.
तिसऱ्या रात्री बटणांच्या डब्यात टाकून दिला.
पुढं महिनाभर तोंडाला वास येत होता,
मला सोडून सगळ्यांना कळत होतं.
शेवटी शैलाच म्हणाली,
"गिऱ्हाइकाचं माप घेताना श्वास रोखत जा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.
"रक्त आलं म्हणून थांबायचं नसतं, काका.
साचलंय म्हणून येतं ते. पंधरा दिवस द्या मला."
हिरडी म्हणजे अस्तर, मी मनात म्हटलं.
वरचं कापड कितीही भारी असो,
अस्तर उसवलं की कोटाचा खांदा पडतो.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

अकराव्या रात्री दोरा पांढरा निघाला.
म्हणजे, त्यावर द्राक्षाची एक साल होती,
दुपारच्या घडातली,
टाचणीच्या डोक्याएवढी.
तेवढीच. पण राहिली असती तिथं.

आता रोज. जेवण, कोमट पाणी, आरसा, दोरा.
कधी कंटाळा येतो.
कधी हात आपला आपण जातो, बघावं लागत नाही,
काजाच्या कडेनं जायचा तसा.
काम झालं की सवयीनं
उरलेलं टोक दाताशी नेतो, तोडायला.
जबडा मिटता मिटता थांबतो.
गाठ नाही इथं. तोडायचंही काही नाही.
उद्या पुन्हा पहिल्या टाक्यापासून.

"झालं का?" शैला आतून विचारते,
"मोरीतला दिवा तसाच राहिलाय."