उजवा हात

रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, असं कागदावर होतं.
शालिकनं माठावर ताट पालथं घातलं
आणि वर खलबत्ता ठेवला,
जशी काही मी मांजर आहे.

पाचची एसटी. फाट्यावर उभं राहिलो
तर थंडी तुरीतून वर येत होती.
पिशवीत फाईल, शाल, सकाळच्या गोळ्या,
साखरेची तेवढी वगळून.
कंडक्टर ओळखीचा. "बाई, आज अंगणवाडी बंद?"
म्हटलं, "आज माझंच वजन आहे, वर्ध्याला."

चौथ्या मजल्यावर पहिली अडचण
हृदयाची नव्हती, बांगड्यांची होती.
नळी मनगटातून जाणार. उजवा हात मोकळा पाहिजे.
एक पाटली, चार हिरव्या,
पोरीच्या लग्नात भरलेल्या डझनातल्या उरलेल्या.
तेव्हा मी बारीक होते.
साबण लावला. खोबरेल लावलं.
सिस्टर म्हणाली, "कापू का?"
लग्नात नाव घ्यायलाही ज्याचं तोंड उघडलं नव्हतं
तो शालिक एकदम बोलला,
"कापू नोका."
मग तिनं एक पातळ पन्नी पंजावर चढवली
आणि बांगड्या तिच्यावरून घसरत आल्या,
बाळंतपणासारख्या,
आधी अडून, मग एकदम.
खालची कातडी पांढरी निघाली.
शालिकनं तिकडे पाहिलं नाही.
रुमालात न बांधता त्या तशाच खिशात टाकल्या.

वर्षाला मी दुसऱ्यांचे तीनशे फॉर्म भरते.
या एकावर माझं नाव वाकडं आलं.

आत एसी इतका की दात वाजले.
लेकरांना मी सांगते ना, मुंगी चावेल, बस्स,
डॉक्टरही तेच म्हणाला.
मुंगी नव्हती.
यापुढे लेकरांना खरं सांगावं की काय, याचा विचार करत होते
तेवढ्यात तो म्हणाला, "आता गरम वाटेल,"
आणि चुलीची धग अंगातून थेट मांड्यांपर्यंत गेली.
वाटलं, अंथरूण ओलं केलं.
केलं नव्हतं.
पडद्यावर वेचणी झालेली पऱ्हाटी उभी होती,
वाऱ्याशिवाय हलत.
ती मी.
एका फांदीला गाठ. चाळीस टक्के.
"सध्या गोळ्यांवर भागेल."
'सध्या' हा शब्द मी फाईलबरोबर घरी आणला.

मनगटावर हवा भरलेला पट्टा,
सिस्टर येऊन थोडी थोडी हवा सोडायची,
बोटं दाबून पाहायची, नखं गुलाबी आहेत का.
"पाणी प्या, औषध लघवीतून जाऊ द्या."
काल माठ झाकणारा माणूस
आज चार बाटल्या घेऊन उभा.
"बादली नाही. भाकर थापायची नाही.
हात टेकून उठायचं नाही.
रक्त आलं तर दाबून धरायचं, मग फोन."
शालिकनं सगळ्याला मान हलवली,
जसा हात त्याचाच होता.

येताना तो हात मांडीवर धरून बसले,
दुसऱ्याचं लेकरू सांभाळावं तसा.

घरी त्यानं माझी वेणी घातली.
आयुष्यभर दावी वळलेला माणूस,
डोक्याची कातडी ताणली, डोळे बारीक झाले.
शेजारची गुंफाबाई दारातूनच ओरडली,
"काहून वं पंचफुला, कोनं बांधून टाकलं तुले?"
हसले तर छातीवर हात गेला,
आपोआप, उजवाच.
काही दुखलं नाही.
तरी थोडा वेळ तसाच राहू दिला.

मनगट आधी जांभळं, मग हिरवं, आता हळदीचं.
म्हटलं, पन्नी घालून चढतील बांगड्या.
"राहू दे. डाग जाऊ दे."
शर्ट बदलतो, पण खिसा रिकामा करत नाही.
वाडीत जातो, चक्कीवर जातो,
विचारलं तर म्हणतो, हरवतील घरात.

संध्याकाळी मी चुलीपाशी
डाव्या हातानं वरण ढवळत असते,
उजवा गप्प,
आणि अंगणातून
माझ्या बांगड्या चालत येतात.