नंबर तोच राहील

कन्नडसाठी एक दाबा, म्हणते बाई, कन्नडमध्ये.
हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन.
चौथं काय नसतंय.
मी एकच दाबतो. मागाचं कन्नड येतंय मला:
धागा तुटला, मोटर जळाली, उद्या येतो.
खरं 'तुमची रेंज येत नाही, करार मोडायचाय'
हे वडगावात कुणी कुणाला
अजून कन्नडमध्ये म्हटलेलं नाही.

'स्वल्प ताळ्री,' म्हणते ती.
मग सनई लागते.
संपते, परत लागते.
तेवढ्यात माझा एक पिकर बदलून होतो.

कंपनीत माझं नाव ब्रह्मा आहे.
भरमा हुंदरे म्हणूनच फॉर्म भरला होता,
कुणीतरी तो सुधारला.
आधारवर भरमाण्णा, रेशनकार्डावर बरमा,
बिलावर ब्रह्मा.
'तुम्हीच ब्रह्मा कशावरून?'
आता काय सांगू, बाई,
सृष्टी केली त्याला
एक सिमकार्ड सोडवता येईना झालंय.

शिवाय एक्केचाळीस रुपये बाकी.
कसली? तर मला फोन करणाऱ्याला
जे गाणं ऐकू येतंय, त्याची.
मी मागितलं नव्हतं. ऐकलंही नाही कधी,
स्वतःला कोण फोन करतंय?
विष्णू गल्लीतल्या एकाला विचारलं,
म्हणाला, चांगलं आहे, काढू नको.

सून म्हणते, मामा, नवा नंबर घ्या,
दहा मिनिटांचं काम.
खरं कारभार गल्लीपासून मलप्रभा नगरापर्यंत
मागाच्या लाकडावर, मीटरच्या डब्यावर,
ऑइलपेंटनं, खडूनं, एका घरात तर कुंकवानं
माझे दहा आकडे लिहिलेत.
नाव नाही कुठं.
नुसता नंबर, आणि खाली: माग.
एकानं पोरीच्या लग्नाला घर रंगवलं
तर तेवढी वीतभर भिंत सोडून रंगवलं.

एकोणीसशेला मेसेज टाकला.
आठ अक्षरांचा कोड आला.
चार दिवस टिकतो म्हणे, मग नासतो.
पहिला नासला एक्केचाळीस रुपयांत.
दुसरा ब्रह्मा आणि भरमाच्या मधी कुठंतरी.
तिसरा घेऊन खडेबाजारात गेलो,
नव्या कंपनीच्या पोरानं अंगठा ठेवायला सांगितला.
मशीन म्हणालं, ठसाच नाही.
चाळीस वर्षांचं सूत आणि ग्रीस,
कुठला राहतोय ठसा.
'करंगळी लावून बघा,' म्हणाला पोरगा.
करंगळी लागली.

गुरुवारी अकराला जुनं सिम मेलं.
नवं कधी जिवंत होणार?
'होतंय की, संध्याकाळपर्यंत.'

पिशवी घेतली, निघालो.
दुपारच्या वडगावात घराघरातनं
खटाखट चालू असते.
मी कान देत गेलो,
कुठला थांबलाय.
पाटील गल्लीत एक थांबला होता:
माणूस जेवायला बसलेला.
वझे गल्लीत सगळेच:
लाइट गेलेली.
मग नीलव्वाचं दार.
ती उभी, फोन हातात, स्पीकरवर
तीच बाई, कन्नडमध्ये, सांगत होती
की मी सध्या उपलब्ध नाही.
मी उंबऱ्यात.
नीलव्वानं बघितलं, बोट वर केलं:
थांब, हे संपू दे आधी.
पूर्ण ऐकलं तिनं.
मग म्हणाली, 'बंद यायलाय की रे तुझा.'

धोटा उडून कणगीमागं पडला होता,
टोक फुटलेलं. पलीकडची दांडीही ढिली.
चारच्या सुमारास खिशात थरथर झाली.
माझे हात कोपरापर्यंत तेलात.
'तूच लाव बघू एकदा,' म्हटलं.

तिनं लावला. माझा खिसा वाजला.
तिनं कानाला लावून धरला बराच वेळ.
'गाणं गेलं रे,' म्हणाली.
'चांगलं होतं.'

कसलं होतं? म्हणून दाखव, म्हटलं.
लाजली.
बटण दाबून माग सुरू केला.